राळेगणच्या ‘आम्ही’त कोण कोण?

राळेगणसिद्धी पाहायला येणाऱ्यांचा रस्ता ठरलेला असतो. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याला वळायचं, यादवबाबांच्या मंदिरात डोकं टेकायचं, नालाबांध आणि पाझर तलाव पाहायचे, शाळेच्या पटांगणात फोटो काढायचा आणि वहीत माहिती उतरवून घ्यायची. कृषी महाविद्यालयाची पोरं असोत, समाजकार्याचे विद्यार्थी असोत की परराज्यातले सरपंच, वहीतला मजकूर फारसा बदलत नाही. पारनेर तालुक्यातलं दुष्काळी गाव, पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. १९७५ साली किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, पुढे मंदिराचा जीर्णोद्धार झाला, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, पाणी अडलं. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री. १९९२ साली सरकारनं हाच नमुना धरून आदर्श गाव योजना आखली. यातलं काही खोटं नाही. मात्र ‘गाव बदललं’ असं लिहिताना गाव म्हणजे नेमकं कोण, हा रकाना त्या वहीत सहसा नसतो.

हा रकाना भरण्याचा उद्योग समाजशास्त्र, मानवशास्त्र, दलित अभ्यास, स्त्री-अभ्यास अशा ज्ञानशाखा करतात. माणूस स्वतःला कोण समजतो, दुसरे त्याला कोण समजतात, आणि या दोन समजुतींत अंतर पडलं की काय होतं, हे त्या तपासतात. विद्यापीठात याला मोठमोठी नावं आहेत. गावात मात्र हाच प्रश्न पंगतीत कोण कुठं बसतं, मंदिराच्या ओट्यावर कोण बसतं, सातबारा कुणाच्या नावावर आहे, अशा साध्या गोष्टींतून समोर येतो. राळेगणचं वैशिष्ट्य असं, की त्याच्याकडे पाण्याच्या अभ्यासकांबरोबर हा प्रश्न घेऊन येणारेही आले, आणि त्यांना तेच गाव जरा वेगळं दिसलं.

गणेश आणि वसुधा पांगारे यांचं राळेगणवरचं इंग्रजी पुस्तक १९९२ साली आलं. दारिद्र्यातून समृद्धीकडे, हे त्याच्या नावातच आहे. त्यात आणि त्या काळच्या बहुतेक लेखनात कर्ता एकच असतो, तो म्हणजे गाव. गावानं ठरवलं, गावानं बांध घातले, गावानं दारू सोडली. त्या काळात सांगितल्या गेलेल्या गोष्टींपैकी दोन अजूनही ऐकायला मिळतात. दलित कुटुंबांवर बँकेचं कर्ज थकलं, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या शेतात श्रमदान करून पीक काढलं आणि कर्ज फेडलं, ही एक. सामुदायिक विवाहात दलित जोडप्यांची लग्नं इतरांच्या बरोबरीनं एकाच मांडवात लागली, ही दुसरी.

मे २००६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मुकुल शर्मा यांचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. अण्णांचा नैतिक अधिकार राळेगणमध्ये कसा घडला, हा त्याचा विषय. पुढे २०१२ साली आलेल्या ‘ग्रीन अँड सॅफ्रन’ या पुस्तकात त्यांनी तोच धागा वाढवला. शर्मांनी पाण्याचं काम नाकारलं नाही. पण गावाच्या एकीमागे कोणती यंत्रणा आहे, हे त्यांनी विचारलं. मंदिर, लष्करी शिस्त, शिक्षेची भीती आणि बहुसंख्य मराठा समाजाचा शब्द या चार गोष्टींची वीण त्यांना दिसली. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतःच अनेकदा सांगितलेलं आहे, तेव्हा शिक्षेचा मुद्दा शर्मांनी कुठून तरी शोधून काढला असं म्हणायला जागा नाही. त्यांचा खरा शोध निराळा होता. दलितांना गावात सामावून घेतलं गेलं, पण कोणत्या अटींवर? मांसाहार सोडणं, ‘स्वच्छ’ राहणं, देवळाच्या चालीरीती पाळणं ही सामील होण्याची फी होती, असं त्यांच्या मांडणीचं सार सांगता येईल. प्रत्येक गावात एक चांभार, एक सोनार, एक कुंभार असावा आणि ज्यानं त्यानं आपलं काम करावं म्हणजे गाव स्वावलंबी होतं, हा अण्णांचा विचारही त्यांनी नोंदवला आहे.

एकाच गावाबद्दल एकीकडे कर्जफेडीची गोष्ट, दुसरीकडे अटींची गोष्ट. यातली खरी कुठली, असं विचारण्याची आपल्याला सवय असते. पण दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि माणसांमधल्या वेगळेपणाचा अभ्यास या सवयीला पहिला छेद देतो. ज्याचं कर्ज फिटलं त्याला उपकार वाटला असेल, दडपणही वाटलं असेल. माणसाच्या मनात हे दोन्ही सुखेनैव नांदतं.

ही दृष्टी विद्वानांना एका दिवसात आली नाही. सुरुवातीला तर माणसांमधला फरक चक्क फूटपट्टीनं मोजत असत. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांची अशी ठाम समजूत होती, की नाकाची रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर काढलं की जातीची उतरंड दिसते. नाक जितकं अरुंद तितकी जात वरची. हे वाचून आज हसू येईल. पण त्या काळी ते शास्त्र होतं, आणि सरकारी दप्तरात जातींचा क्रम लावताना त्याचं वजन पडत होतं. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र रुजवणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात रिस्लेंचीच मापं घेऊन दाखवलं, की उत्तरेचा मैदानी पट्टा सोडला तर हा हिशेब जुळत नाही. त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला होता. जात रक्तानं बनत नाही, ती लग्नाच्या नियमानं बनते, हे त्याचं सार. आपापसातच लग्न करायचं हा नियम टिकवायचा तर विधवा आणि विधुर या ‘जादा’ माणसांचं काय करायचं, असा प्रश्न समाजापुढे उभा राहतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्यावर काढलेली उत्तरं आहेत, अशी त्यांची मांडणी होती. जातीचा प्रश्न आणि बाईचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हे त्यांनी त्या वयात सांगून ठेवलं.

इरावती कर्वे यांची गोष्ट तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. हे फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ ठरले. त्यांनी इरावतीबाईंना काम दिलं ते माणसांच्या कवट्या मोजण्याचं. युरोपीय कवटीची ठेवण डाव्या-उजव्या बाजूंनी इतरांहून वेगळी असते आणि त्यातच त्यांची बौद्धिक सरशी दडलेली आहे, हे गुरूंना सिद्ध करून हवं होतं. बाईंनी मोजलं आणि लिहिलं, की वंशानुसार असा फरक दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताविरुद्ध प्रबंध लिहायला किती हिंमत लागत असेल, याचा अंदाज आजच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी करावा! पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावरही त्यांनी मोजमाप सोडलं नाही. वि. म. दांडेकरांसोबतचा त्यांचा महाराष्ट्रातल्या जातींच्या शरीरमापांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकमेकींच्या जवळच्या असतीलच असं नाही, हे त्यांच्या हाती आलं. ज्याला आपण जात म्हणतो ते एक पसरलेलं सोयऱ्याधायऱ्यांचं जाळं आहे, हे त्यांचं म्हणणं त्यातूनच पक्कं होत गेलं.

मात्र या सगळ्यांच्या कितीतरी आधी नगरशी नातं असलेल्या एका नियतकालिकात एका मुलीनं हा विषय मांडला होता. अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरात सुरू झालं. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ती चौदा वर्षांची मातंग मुलगी. ब्राह्मण आणि अस्पृश्य एवढाच भेद मांडून ती थांबत नाही. मांग आणि महार यांच्यातली उच्चनीचता ती दाखवते आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचं दुःख वेगळं काढून सांगते. जात आणि बाईपण एकमेकांवर चढलं की दुःखाचं गणित बदलतं, हे तिला दिसलं होतं. अमेरिकेत किंबर्ले क्रेनशॉ यांनी याच प्रकारच्या निरीक्षणाला १९८९ साली एक पारिभाषिक नाव दिलं आणि ते जगभर गेलं. आपल्या अभ्यासक्रमांत क्रेनशॉ येतात, येऊ देत. पण त्यांच्या आधीच्या पानावर मुक्ता साळवे असायला काय हरकत आहे?

आता पुन्हा राळेगणच्या ताटाकडे येऊ. मांसाहार सोडणं ही गोष्ट वरवर आहाराची दिसते, पण तिचा संबंध जातीच्या पायरीशी आहे. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास हे घुर्यांचेच विद्यार्थी. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांचे आचार उचलून आपलं स्थान वाढवू पाहतात, या प्रक्रियेला त्यांनी १९५२ साली संस्कृतीकरण म्हटलं. मांस-मद्य सोडणं हे त्यातलं नेहमीचं पाऊल. गावात संख्या, जमीन आणि सत्ता ज्या जातीकडे एकवटते तिला ‘प्रभावी जात’ म्हणायचं, हेही त्यांचंच. या दोन्ही कल्पना राळेगणला लावून पाहिल्या की एक गाठ सापडते. श्रीनिवासांच्या मांडणीत खालची जात आपण होऊन वर चढू पाहते. राळेगणमध्ये आचार गावानं ठरवला, नियम म्हणून आणि कल्याणाच्या नावानं. मग ही चढण झाली की भरती? शर्मांचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. मला मात्र वाटतं, की याचं उत्तर घरागणिक बदलत असणार, आणि ते घरोघर जाऊनच काढावं लागेल. वारकरी घरातल्या दलित माणसानं माळ घालून मटण सोडलं असेल तर त्याला ती त्याची स्वतःची वाट वाटू शकते. त्याच्या शेजारच्या बौद्ध घराला तोच नियम जाचक वाटेल. ‘राळेगणचे दलित’ असा एक गठ्ठा करून बोलणं म्हणजे ‘राळेगणचं गाव’ म्हणण्याचीच चूक खालच्या मजल्यावर पुन्हा करणं.

एक चांभार, एक कुंभार या विचाराचंही तसंच. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदारांची अशी बारकाईची नोंद मराठीत दुसरी नाही, आणि आत्र्यांना त्या व्यवस्थेचे दोष दिसत नव्हते असंही नाही. पण बलुतं म्हणजे परस्परांची सोय, हे चित्र मराठी मनात फार गोड होऊन बसलं आहे. महार वतनाखाली माणसांना अपुऱ्या मोबदल्यात सरकारची आणि गावाची पडतील ती कामं करावी लागत. ते वतन रद्द करण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. कनिष्ठ वतनं संपवणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावं लागलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. म्हणून स्वावलंबी गावाचं स्वप्न गांधींच्या बाजूनं पाहिलं तर सुंदर दिसतं आणि वतनदार महाराच्या नातवाला ते आजोबांच्या पायातल्या बेडीसारखं दिसतं. दोघांपैकी कोणालाच डोळे कमी नाहीत. ते उभे आहेत त्या जागा वेगळ्या आहेत.

पंचसूत्रीकडे याच नजरेनं पाहिलं तर बरंच काही हाती लागतं. नसबंदी घ्या. देशभरात ही शस्त्रक्रिया कोण करून घेतं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के निघालं. हा आकडा देशाचा आहे, राळेगणचा नव्हे. पण नियम ‘गावा’नं केला की तो कुणाच्या अंगावर पडतो, हे विचारायला तो पुरेसा आहे. चराईबंदीचंही तेच. ज्याच्याकडे शेत आहे, बांधावर गवत आहे, त्याला जनावर गोठ्यात बांधून चारणं जमतं. ज्याच्याकडे चार शेळ्या आणि गावठाणातली झोपडी एवढीच इस्टेट, त्याचं कुरण म्हणजे तोच डोंगर, जो बंद झाला. आणि गोठ्यातल्या जनावराला चारा आणून घालणारे हात बहुतेक घरांत बाईचे असतात.

हे मी पदरचं सांगत नाही. महाराष्ट्र आणि आंध्रातल्या पाणलोट प्रकल्पांचं एक मोठं मूल्यमापन २००२ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेनं प्रसिद्ध केलं. पाणी आणि उत्पादन वाढतं तेव्हा फायदा जमीनवाल्याकडे झुकतो आणि सामायिक जमीन बंद झाल्याचा बोजा भूमिहीन आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांवर पडतो, हा पेच त्यात स्पष्ट मांडला आहे. त्याचे लेखक जॉन कर, गणेश पांगारे आणि वसुधा पांगारे. म्हणजे १९९२ साली राळेगणची यशोगाथा लिहिणारे अभ्यासकच दहा वर्षांनी व्यापक पाहणीतून ‘फायदा कुणाचा’ या प्रश्नाशी आले. यात कुठली कोलांटउडी नाही. आधी पाणी मोजलं, मग वाटा मोजल्या. संशोधन असंच पुढं सरकतं.

आता मोजायचं कसं, हा खरा कौशल्याचा भाग. ‘तुमच्या गावात जातिभेद आहे का?’ असं चावडीवर विचारून पाहा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात उत्तर एकच येईल, ‘छे, आमच्याकडं तसलं काही नाही.’ हे खोटंच असतं असं नाही. सांगणाऱ्याला ते खरं वाटत असतं, कारण त्याला तो भेद कधी लागलेला नसतो. म्हणून कसलेले अभ्यासक मत विचारत नाहीत, वागणूक विचारतात. दिल्लीची एनसीएईआर ही संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ मध्ये देशातल्या ४२ हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. त्यात आधी सरळ विचारलं होतं, की तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न होता, की अनुसूचित जातीच्या माणसानं तुमच्या स्वयंपाकघरात येणं किंवा तुमची भांडी वापरणं चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के घरांनी अस्पृश्यता पाळत असल्याचं कबूल केलं. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून दुसऱ्याशी अडखळलेली घरं मला जास्त बोलकी वाटतात.

मूळ अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह तर कुणाला काही विचारलंच नाही. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. काही नावं उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लीम वाटतील अशी. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दलित नावाच्या उमेदवाराला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता लक्षणीय कमी होती आणि मुस्लीम नावाच्या उमेदवाराला त्याहूनही कमी. एकाही कंपनीनं आपण भेदभाव करतो असं म्हटलं नसतं. तसं कुणी म्हणावं याची गरजच पडली नाही.

विचारणारा कोण, यावरही बरंच अवलंबून असतं. श्रीनिवास १९४८ साली कर्नाटकातल्या रामपुरात राहिले ते गावच्या मुखियाच्या आश्रयानं, आणि त्यामुळे आपल्याला गाव वरच्या बाजूनं दिसलं हे त्यांनी प्रांजळपणे लिहिलं. १९७० साली अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांच्या टिपणांवरचं काम जळालं आणि पुस्तक त्यांनी आठवणीतून लिहून काढलं. राळेगणला जाणाराही मंदिराच्या दारातूनच गावात शिरतो. त्याला माहिती देणारा माणूस अण्णांच्या संस्थेचा, भाषा संस्थेची, दाखवायच्या जागा संस्थेनं ठरवलेल्या. यात लबाडी नाही, पाहुण्याला कुणीही बैठकीच्या खोलीतच बसवतं. पण बैठक पाहून घर पाहिलं असं म्हणू नये.

मग दलित वस्तीचं दुःख दलित अभ्यासकानंच लिहायचं का? हा वाद मराठी अभ्यासकांनीच देशपातळीवर नेला. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रिया वेगळं का बोलतात याची मांडणी केली आणि २००२ साली भारतातली सामाजिक शास्त्रंच किती समतावादी आहेत असा सवाल टाकला. अनुभव दलितांनी पुरवायचे आणि सिद्धान्त इतरांनी रचायचे, ही ज्ञानातली बलुतेदारी त्यांनी उघड केली. पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्यांच्या मांडणीला दाद देत एक पाऊल पुढं टाकलं. दलित स्त्रीच्या जागेवरून जग पाहायला दलितेतर स्त्रीवादीही शिकू शकतात, मात्र त्यासाठी स्वतःच्या जागेची झाडाझडती घ्यावी लागते, असं त्या म्हणाल्या. २००६ सालच्या पुस्तकात त्यांनी मराठी दलित स्त्रियांची आत्मकथनं साक्ष म्हणून वाचली. मला रेग्यांची बाजू पटते. जन्मानंच ज्ञानाचा अधिकार ठरू लागला, तर मोडायला निघालेली चौकटच आपण पुन्हा घट्ट करू.

आणखी एक गोष्ट या अभ्यासातून कळते, ती म्हणजे ओळख कधी एका जागी ठरत नाही. नॉर्वेचे फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली सांगितलं, की एखाद्या गटाची ओळख त्याच्या पोटातल्या चालीरीतींपेक्षा शेजाऱ्याशी आखलेल्या सीमेवर जास्त घडते. एप्रिल २०११ मध्ये अण्णा दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले, तेव्हा राळेगणचा प्रत्येक माणूस देशासाठी ‘राळेगणचा’ झाला. अशा वेळी जात मागे सरते. त्याच माणसाच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली की ती पुन्हा पुढं येते. आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की तिसरीच रेघ उमटते. गावाची एकी म्हणून बिनविरोध निवडीचा आग्रह धरला जातो. पण जानेवारी २०२१ मध्ये राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या जिल्ह्यातल्या दोन्ही आदर्श गावांत मतदान झालं. वर्तमानपत्रांनी ते एकीला तडा गेल्यासारखं छापलं. माझ्या मते ते चांगलंच झालं. वेगळं मत असणाऱ्याला चिठ्ठी टाकायची सोय असणं हे काही दुखणं नव्हे.

राळेगणला न्याय द्यायचा तर आजूबाजूलाही पाहिलं पाहिजे. याच नगर जिल्ह्यात, आता त्याचं नाव अहिल्यानगर, २०१३ साली सोनईत आणि २०१४ साली खर्ड्यात दलित तरुणांचे खून झाले. २०१६ मध्ये कोपर्डीत मराठा मुलीवर झालेल्या अत्याचार आणि खुनानंतर निघालेल्या मराठा मोर्चांनी राज्यभर अस्मितेचा वेगळाच अध्याय सुरू केला. या पार्श्वभूमीवर ज्या गावात दलित जोडप्याचं लग्न सगळ्यांच्या मांडवात लागलं, त्या गावाला ‘दडपशाहीचं गाव’ असा एक शिक्का मारणं अन्यायाचं आहे. तसंच, एवढं झालं म्हणून अटींबद्दल विचारूच नये, असं म्हणणंही. ‘आदर्श’ हे विशेषण एकदा चिकटलं की गावाला स्वतःच्या उणिवा बोलून दाखवण्याची चोरी होते, आणि माझ्या मते राळेगणचं सर्वांत मोठं नुकसान इथं झालं आहे. पाण्याची पातळी खाली गेली तर ते दडवायची गरज नसते. माणसांमधलं अंतर मात्र झाकलं जातं.

तेव्हा राळेगणला अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांना नेणाऱ्या प्राध्यापकांना एवढंच सांगणं आहे. पाझर तलाव जरूर पाहा, त्याचं मोजमाप घ्या. पण सगळा दिवस मंदिराच्या आवारात घालवू नका. परवानगी घेऊन दलित वस्तीत बसा, लग्न होऊन गावात आलेल्या सुनांशी तुमच्यातल्या मुलींनी वेगळं बोलावं, ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांच्या शेळ्या आता कुठं चरतात ते विचारा. ‘भेद आहे का’ असं विचारू नका. गेल्या महिन्यात कुणाच्या घरी जेवलात, ते विचारा. नावं लिहू नका, कारण तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत जाल आणि त्या माणसाला तिथंच राहायचं आहे. आणि हे सगळं राळेगणला विचारण्याआधी एकदा आपल्या स्वतःच्या गावात विचारून पाहा.